ताईच्या डब्यातली लाल पुडी

माझ्या नाकाचा मला भारी गर्व. दूध नासणार हे मला आधीच कळतं, आणि कुणी चुकीचं वागलं की राग त्याच नाकावर येऊन बसतो. घरात मला नकटी म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरात मी सूप करते. वरच्या मजल्यावर पोटवाल्या बाई बसतात. माणसाच्या आतड्यातले जंतू हा त्यांचा विषय, म्हणून हे नाव मीच पाडलं. मशरूममधला काही चोथा आपल्याला पचत नाही, तो आतड्यातल्या जंतूंचा खुराक होतो म्हणे. मग जंतूंना असं खाऊपिऊ घातलं तर माणसाच्या रक्तातली साखर ताळ्यावर येते का, हे बाईंना बघायचं होतं. निम्म्या लोकांच्या सूपात मशरूमची भुकटी, निम्म्यांच्या सूपात नकली. पुड्यांवर लाल नाहीतर हिरवा ठिपका. खरी कुठली, ते आम्हाला कळू द्यायचं नाही, असा नियम.

मला कशाला कुणी सांगायला हवं? लाल पुडी फोडली की अख्खं स्वयंपाकघर मशरूमने घमघमायचं. हिरवीला वास जेमतेम, जुन्या पुठ्ठ्यासारखा. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आली हिरवी!

ताईची साखर वाढलेली. डोळ्यांना जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ताई कपडे शिवते. डोळेच अधू झाले तर ती करणार काय? मीच गळ घालून तिला या प्रयोगात आणलं, आणि तिलाच नकली माल? माझं डोकंच फिरलं. तिची हिरवी पुडी मी मोरीत ओतायची आणि कपाटातल्या जादा पुड्यांतली एक लाल तिच्या सूपात ढवळायची. रोज, अगदी बिनबोभाट.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. “खरा माल जातोय तुझ्या पोटात,” मी तिला सांगितलं. “त्या सकाळच्या साखरेच्या गोळीने मळमळतं ना तुला? सोडून दे.”

“डॉक्टरांना विचारू का एकदा?”

“मी सांगतेय ना!” मी खेकसले. ताईने गोळी सोडली.

सूप घरी न्यायचा डबा ती घासूनपुसून परत आणायची. “हलकं वाटतंय गं,” म्हणायची. मी आपली मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

प्रयोग संपला तसं बाईंनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. “आता सांगायला हरकत नाही,” त्या हसत म्हणाल्या, “हिरवी खरी होती. लाल नकली. कुणाला शंका नको म्हणून नकलीत मशरूमचा इसेन्स घातला होता. जरा जास्तच पडला!”

सगळे खो खो हसले. मी चहा तसाच खाली ठेवला.

“गुण आला का पण?” कुणीतरी विचारलं.

“काहींची साखर थोडी उतरली, काहींची जैसे थे. एवढ्यावरून ठाम काही बोलता येणार नाही. हिरव्या गटातल्या एका बाईंची मात्र भलतीच चढलीय. आज बोलावलंय त्यांना.”

ती बाई म्हणजे ताई. बाईंच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती. मी तिच्यामागे उभी राहिले.

“माझंच चुकलं असेल हो,” ताई म्हणाली. “शेजारच्या पोरीच्या वाढदिवसाला केक खाल्ला मी. तुमचं एवढं काम माझ्यामुळे नासलं.”

“केकच्या एका तुकड्याने एवढं होत नाही. गोळी घेत होतात ना?”

“बंद केली.”

“कुणी सांगितलं?”

ताईने मान वळवलीसुद्धा नाही. “कुणी नाही. माझं मीच ठरवलं.”

अगं, मला शिव्या दे, पण हे नको! मला राहवलंच नाही. “खोटं बोलतेय ती,” मी ओरडले. “मी सांगितलं. पुड्याही मीच बदलल्या. केकबिक काही नाही, सगळं माझं पाप आहे!” आणि भडाभडा सगळं ओकून टाकलं.

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “तुमचं काय करायचं ते नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी यांना डॉक्टरांकडे न्या. आत्ताच.”

जिन्यात मी ताईचा हात धरला. “दोन थोबाडीत मार मला. काहीतरी बोल!”

“मला विचारायचंस तरी, नकटे,” एवढंच ती म्हणाली.

मग तिने पिशवीतून डबा काढला. नेहमीसारखाच लख्ख घासलेला, पण झाकण न लावलेलं, सुटंच.

“तूच लाव गं झाकण,” ती म्हणाली. “हल्ली मला त्याची खाच दिसत नाही.”