बारावर थांबलेला आत्मा

सोसायटीच्या गोदामात त्या दुष्काळात ज्वारीचं पोतं उरलं नव्हतं, पण माणसांनी ते गच्च भरायचं. दिवस कलला की धारूरच्या डोंगराकडच्या वाड्या-वस्त्या तिथं लोटायच्या. मधोमध घोंगडीवर रिकामा पाट, पाटापुढं पत्ते आणि वर आढ्याला टांगलेलं एक घुंगरू. मेलेला माणूस त्या पाटावर येऊन एकवीसचा डाव खेळतो, अशी बोलवा होती.

हा खेळ मांडणारा त्रिंबकबुवा भिंतीला टेकून, पायांवर कांबळं ओढून, अर्धे डोळे मिटून बसे. "जीभ चितेत जळाली, बाबांनो, आत्मा बोलणार कसा? घुंगरू वाजलं की पान द्या, गप राहिलं की थांबा. जिंकला तर त्याची इच्छा पक्की. हरला तर समजा, वाट लांबची हाय, दम खातोय! पुन्हा वाटा!"

म्हणजे जिंकलं तरी बुवाचं खरं आणि हरलं तरी बुवाचंच. पण हे ध्यानात घ्यायला डोकं थंड लागतं, आणि तिथं आलेल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी गेलेलं होतं.

विमलबाईचा नवरा धर्मराज विहीर खोदताना दरड कोसळून गेला होता. कारखान्याच्या तळावर ऊसतोड्यांत बसून तो एकवीसचा डाव शिकला आणि घरी येऊन त्यानं तो बायकोलाही शिकवला: पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, राजा-राणी-गुलामाचे दहा धरायचे, एकवीसच्या वर गेला तो जळला. आता पाटापुढं पानं पडली की विमलच्या अंगावर काटा यायचा. भाकरी थापतानाही कानात ते घुंगरू वाजायचं. दाराशी कुणी उभं आहे असं वाटून ती वळायची, आणि दारात नुसता धुराळा असायचा.

सासू केसरबाई मात्र लेक गेल्यापासून रडलीच नव्हती. "माझं लेकरू बोलतंय की गं. मग कावून रडू?"

विमलला बीडला सुईणीच्या शिक्षणाला बोलावणं आलं, तेव्हा केसरबाईनं बुवाला विचारलं. बुवानं विमलला खालून वर न्याहाळलं. "त्यालाच विचारू. जिंकला तर सून हितंच राहील, आमची सेवा करील."

वाटायला गावातला आश्रुबा बसला. पाटापुढं दश्शी आणि दुर्री उघडी पडली. बारा. आश्रुबाचं एक पान पालथं, दुसरं उघडं, छक्की. सगळ्यांनी वर पाहिलं. घुंगरू हललं नाही. आश्रुबानं पालथं पान उलटलं: राजा. सोळा झाले. सतरा होईतो वाटणाऱ्यानं पान घ्यायचंच, असा नियम. त्याला नव्वी आली, पंचवीस होऊन तो जळला.

"जिंकला! धर्मराज जिंकला!" लोकांनी हात जोडले.

विमलचे हात तेवढे जोडले गेले नाहीत. बारावर थांबला? तिचा धर्मराज अठरावरही थांबत नसे. "टाक गं आणखी एक, बघू काय व्हतंय," म्हणायचा, जळायचा आणि पोट धरून हसायचा.

शेजारी शाळेतले रामहरी गुरुजी होते. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हे आमचे न्हाईत. हे लई शहाणपणानं खेळतंय."

गुरुजी पुढं झाले. "बुवा, आत्म्याला बघायला डोळे लागतात?"

"छे! आत्मा आरपार बघतो."

"मग सगळी पानं पालथी वाटू."

"शंका घेतली की आत्मा रुसतो!"

तोच केसरबाई उठली. "वाटा पालथी. माझं लेकरू माझ्यावर रुसायचं न्हाई."

पानं पालथी पडली. बुवानं अर्धमिटले डोळे उघडून पाटाकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं घुंगरू वाजलं. आश्रुबानं तिसरं पान दिलं आणि तिन्ही उलटली: राणी, गुलाम, पंजी. वीस हातात असताना आत्म्यानं पान मागितलं होतं!

गुरुजींनी वर नजर फिरवली, तर घुंगरापासून आढ्यावरून, भिंतीच्या भेगेतून एक काळा दोरा उतरत होता. त्यांनी तो ओढला तसं कांबळ्याखाली बुवाचं पाऊल उडालं. दोरा अंगठ्याला बांधलेला होता.

"आणि खेळाची अक्कल?" आश्रुबानं विचारलं.

"ती हिशेबाची," गुरुजी म्हणाले. "वाटणाऱ्याची चौकी, पंजी, छक्की दिसली तर बारावरही गप बसायचं, जळायची पाळी बहुधा त्याची. सत्ती किंवा मोठं पान दिसलं तर सतरा होईतो घेत राहायचं. कुणालाही जमतं. तरी शेवटी वाटणाराच वरचढ, कारण खेळणारा आधी जळतो. बुवाचे हरलेले डाव तुम्ही विसरलात, एवढंच."

लोक बुवाकडं वळले. केसरबाई पाटाकडंच बघत होती. "मग हितं कोण येत व्हतं गं?"

"कुणी न्हाई, आत्याबाई." विमलनं तिला कवेत घेतलं. "ते गेले."

तेव्हा केसरबाईनं हंबरडा फोडला. इतक्या महिन्यांचं रडू गोदामाच्या पत्र्यावर आदळत राहिलं, आणि ते ऐकताना बायकाही आपापल्या माणसांसाठी रडू लागल्या.

गुरुजी एवढंच म्हणाले, "रडा. रडण्यात लाज नाही. पण दुःखातल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून दुःखातच प्रश्न विचारा, तपासून बघा. आपल्या माणसाचं नाव कुणाच्या अंगठ्याला बांधू देऊ नका."

आठवडा सरायच्या आत विमल बीडला निघाली. केसरबाई डोक्यावर तिची वळकटी घेऊन पुढं चालत होती.