खुळखुळणारा भाता

बाणांच्या भात्याच्या टोपणातल्या काळ्या फोममध्ये अडकलेला केस गोविंदरावांना आधी दिसला, आणि ही वस्तू न्यू लिनच्या घरून निघाल्यापासून आपल्या मांडीवर आहे हे मग लक्षात आलं. केस राठ होता, मुळाशी पांढरा, आणि त्याच्याभोवतीचा फोम सुकून खपलीसारखा कडक झाला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, भाता रुमालाने धरला आणि गाडीची काच खाली केली.

"यशोधन, हे रक्त आहे का?"

"धुतलं होतं मी, बाबा. आत राहिलं असेल थोडं."

"मग माझ्या मांडीवर कशाला दिलंस?"

"मागे ठेवला की खुळखुळतो. गाडी चालवताना डोकं उठतं माझं."

बापाच्या मांडीवर मात्र चालतं! गोविंदरावांच्या मनात आलं. रुमाल आता टाकून द्यायचा, हेही त्यांनी नक्की केलं.

गोविंदराव म्हणजे भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या, त्यामुळे कारखान्यात मित्र कमी आणि दरारा फार. निवृत्त झाल्यावर बायकोला, शुभाताईंना, घेऊन सहा महिन्यांसाठी मुलाकडे ऑकलंडला आले. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सून प्रणिता हॉस्पिटलात, घर हवेशीर, सगळं छान. ऑफिसातल्या दोघांच्या नादाने मुलगा वर्षभर क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचं धनुष्य, घेऊन रानबकऱ्या मारायला जातो, एवढी एकच गोष्ट पुण्याला फोनवर कुणी सांगितली नव्हती. ती कळली गेल्या रविवारी, आणि ज्या रीतीने कळली ती रीत वैऱ्यालाही न दिसो.

प्रणिता खवलेला नारळ आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीझरला ठेवायची. आपल्या कुठल्या घरात ठेवत नाहीत? शुभाताईंना रविवारी खोबऱ्याच्या वड्या करायच्या होत्या. त्यांनी व्हॅनिलाचा डबा काढला, गरम पाण्यात तासभर ठेवला आणि चष्मा न लावताच आत हात घातला. नारळ शेजारच्या डब्यात होता. ह्यात बकऱ्याचं काळीज होतं, चांगलं सुटं झालेलं, आपल्याच रक्तात तरंगणारं. शुभाताई ओरडल्या नाहीत. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतला, डोक्यावरून आंघोळ केली आणि तेव्हापासून त्या घरात शिजलेलं अन्न तोंडात घातलं नाही. चार दिवस केळी आणि पुण्याहून आणलेला चिवडा, तोही कागदाच्या बशीत.

"ती वस्तू ह्या घरात राहणार असेल तर मी राहणार नाही," त्या बुधवारी सकाळी म्हणाल्या होत्या. "शुक्रवारी विमान आहे. मी बघून ठेवलंय. तुम्ही त्याच्याशी बोला. मी बोलले तर रडेन."

म्हणून त्याच संध्याकाळी मुलगा शिकारीच्या सामानाच्या दुकानात निघाला तेव्हा गोविंदराव न बोलावता गाडीत जाऊन बसले होते.

हेन्डरसन उपनगरातलं ते दुकान बाहेरून टायरच्या दुकानासारखं दिसत होतं. आत शिरताच वास आला, रबराचा, तेलाचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. तो कसला ते शेल्फजवळ गेल्यावर कळलं. छोट्या छोट्या बाटल्यांत हरणीचं मूत विकायला ठेवलं होतं, नराला भुलवायला. एक बाटली गळत होती. गोविंदरावांनी श्वास रोखला आणि लहान मुलासारखे दोन पावलं मागे सरले. मागे भिंतीवर रबरी डुक्कर होतं, सरावासाठी, पोटात दोनशे भोकं पाडलेलं. शी! ही असली दुकानं माणसं हसतखेळत चालवतात, आणि आपला मुलगा इथे वाण्याकडे जावं तसा येतो. शिसारी बसली त्यांना.

काउंटरमागे डेब नावाची बाई होती, साठीची, गुटगुटीत, पायात रबरी सपाता.

"किया ओरा, यॅश," तिने इथल्या माओरी रीतीने नमस्कार केला, आणि गोविंदरावांकडे पाहून, "तुझे डॅड?"

तिने लगेच फोन काढून आपल्या नातीचा फोटो दाखवला. नात मेलेल्या हरणाच्या मानेवर बसून हसत होती. हरणाची जीभ बाहेर होती. गोविंदराव "व्हेरी नाइस" म्हणाले, आणि म्हटल्याबद्दल स्वतःचाच राग आला त्यांना.

यशोधनने क्रॉसबो काउंटरवर ठेवला. भाता ज्यावर बसतो तो माउंट, म्हणजे धनुष्याच्या दांड्याला चिमट्यासारखा पकडणारा कंस, एका बाजूने तडकला होता. डेब चार-पाच नवे माउंट आणायला आत गेली. बाप-लेक दोघेच राहिले. बोलायचं तर हीच वेळ होती.

"यशोधन, तुझी आई जेवत नाहीये."

"माहितीये मला."

"मग?"

यशोधन तडकलेल्या कंसावर अंगठा फिरवत राहिला.

"ह्या बकऱ्या इथल्या नाहीत, बाबा. बाहेरून आणून सोडलेल्या. सगळं रान खाऊन टाकतात. सरकारच मारा म्हणतं."

"बाहेरून आलेले तर आपणही आहोत."

यशोधन हसला नाही. तो खालच्या आवाजात बोलला, आणि ते आईला सांगू नका म्हणाला. दोन आठवड्यांपूर्वी एक बकरी अगदी समोर होती, तीस पावलांवर. त्याने घोडा दाबायला आणि हा भाता खुळखुळायला एकच गाठ पडली. बकरी वळली. बाण काळजात जायचा तो पोटात गेला. ती तशीच पळाली. चार तास तो रक्ताच्या मागावर फिरला, अंधार पडेपर्यंत, आणि ती सापडली नाही. पण ओरडत होती. कुठून ते कळत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"मी आठवडाभर झोपलो नाही," तो म्हणाला. "मी ठरवलंय, बाबा. अजून एकदा जरी असं झालं ना, तर विकून टाकणार. तुमची शपथ. हात लावणार नाही परत."

 गोविंदरावांना एक कळलं की मुलगा शपथ मोडणारा नाही. लहानपणी कॅरम सोडला तो सोडलाच. म्हणजे शुभाला हवं होतं ते आता फार लांब नव्हतं.

डेबने माउंट मांडले आणि त्यातला एक पुढे सरकवला. सगळा धातूचा, काळा, झळझळीत, एक खटका दाबला की भाता सुटतो असा. हाच खपतो सगळ्यात जास्त, म्हणाली. कुठल्या बाजूला बसवू, तिने विचारलं.

"लेफ्ट हँडेड," यशोधनच्या आधी गोविंदरावच बोलून गेले. "ही इज लेफ्ट हँडेड."

तिने त्या हिशेबाने कंस लावला, स्क्रू आवळला, भाता चढवला आणि क्रॉसबो जरा हलवून दाखवला. "सी? सॉलिड." यशोधननेही हलवून पाहिला आणि मान डोलावली.

दोघांनाही ऐकू आलं नाही. गोविंदरावांना आलं.

अगदी बारीक. पत्र्याच्या डबीत तांदळाचा एक दाणा असावा इतकंच. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, जोडलेली वस्तू कानाशी धरायची, हलवायची आणि खडूने फुली मारायची. त्यांनी नुसतं वाकून पाहिलं. कंसाचा जबडा दांड्यावर सपाट बसलाच नव्हता, एका काठावर टेकला होता. स्क्रू आज घट्ट होता. दहा-बारा बाण सुटले की धक्क्याने ढिला होणार, आणि मग तो आवाज बकरीलाही ऐकू जाणार.

गप्प बसायचं होतं फक्त. बायकोने ज्यासाठी पाठवलं होतं ते काम आपोआप होत होतं, वादावादी नाही, रडारड नाही. यशोधनने खिशातून कार्ड काढलं. गोविंदराव रबरी डुकराकडे बघत उभे राहिले. एकदाच व्हायचं होतं. एकच बकरी, पोटात बाण घेऊन, अंधार पडेपर्यंत.

एकच. इन्स्पेक्शनला कुणी 'एकच पीस आहे, साहेब, जाऊ द्या' म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं.

"थांब," ते म्हणाले. "हा नको. हा ढिला होणार."

डेबने नम्रपणे सांगितलं की हा टॉप माउंट आहे. गोविंदरावांनी खिशातली बसची पावती काढली, कंस आणि दांड्याच्या फटीत सरकवली. पावती आरपार गेली. डेब चष्मा चढवून वाकली.

मग जित्याची खोड ती, सुटते कशी! त्यांनी उरलेले माउंट एकेक करून मागितले, फिरवले, बोटाने टिचकी मारून पाहिले. दोन बाजूला सारले. शेवटी सगळ्यात खालचा, कोणी न घेणारा, जाड प्लॅस्टिकचा उचलला, त्याच्या जबड्याला आतून रबर होतं. तो स्वतःच्या हाताने बसवला. दोन्ही स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडेथोडे आवळले. भात्याच्या टोपणाचा जुना फोम बदलायला सांगितला, बाणाची पाती त्यात सैल बसतात म्हणून. आवाज मरावा म्हणून दोरीला लावायच्या रबराच्या गाठी घ्यायला लावल्या, दोरीला चोळायचं मेण घ्यायला लावलं. बाण सोडायच्या आधी भाता काढून बाजूलाच ठेवायचा, असं मुलाला दोनदा बजावलं. हातातला रुमाल कधी काउंटरवर पडला ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं, आणि त्या केस चिकटलेल्या फोममध्ये त्यांनी तर्जनी घालून खोली मोजली होती.

मग क्रॉसबो कानाशी धरून त्यांनी जोरात हलवला. डेबने दुकानातला रेडिओ बंद केला. तिघेही ऐकत राहिले. काहीही ऐकू आलं नाही.

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, डेब हळूच म्हणाली. त्यांना नोकरीवर ठेवते म्हणाली.

गोविंदराव हसले. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं. आणि ते बरं वाटणं जाणवलं तशी त्या बाटलीतल्या मुताचा वास पुन्हा नाकात शिरला.

बाहेर पार्किंगमध्ये यशोधनने सामान डिकीत ठेवलं. क्रॉसबोचा काहीच आवाज झाला नाही. तो झाकण लावायचं सोडून बापाकडे बघत राहिला.

"बाबा, आता नाही चुकणार."

"हं."

"शनिवारी चला ना माझ्याबरोबर. बसून राहायचं नुसतं. तुमचा कान आमच्यात कुणाला नाही. बाण लावायच्या आधी एकदा ऐकून द्या फक्त."

गोविंदरावांच्या मनात होतं, शी, मी येणार तिथे? तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"किती वाजता निघता तुम्ही?"

"चारला. पहाटे." यशोधनचा चेहरा उजळला. शाळेतल्या बक्षीस समारंभाला बाप वेळेवर आला तेव्हा उजळला होता तसा. मग मेणाची डबी आत राहिल्याचं त्याला आठवलं आणि तो पळतच दुकानात गेला.

गोविंदराव गाडीला टेकून उभे राहिले. तर्जनी त्यांनी पँटला पुसली, पुन्हा पुसली, मग ती अंगापासून लांब धरून दुसऱ्या हाताने घरी फोन लावला. शुभाताईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोललात का त्याच्याशी?"

"बोललो."

"मग? विकतोय का?"

"तू शुक्रवारचं विमान बघितलंस ना, ते दोघांचं काढ."

"दोघांचं? तुम्ही कशाला? मी जाते, तुम्ही राहा त्याच्याजवळ. तो ऐकेल तुमचं."

काचेतून यशोधन दिसत होता. तो क्रॉसबो हलवल्यासारखे हात करून डेबला काहीतरी सांगत होता, आणि मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होता.

"अहो, काय झालंय? रागावलात का त्याच्यावर?"

"नाही," गोविंदराव म्हणाले. "शुक्रवारचं नसेल तर गुरुवारचं बघ. पण शनिवार नको."