मी ओहोटीच्या रस्त्यावरचा फळा

मी एक काळा फळा. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, जिथून वाळूतला रस्ता समोरच्या बेटाकडे निघतो, तिथे मी उभा असायचो. हा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. तो कधी उघडतो, कधी बुडतो, हे मी पाहुण्यांना सांगायचो.

आस्गर आजोबांनी मला फुटक्या होडीच्या फळ्यांतून घडवलं. रोज सकाळी ते माझ्यावर खडूने वेळा लिहीत. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचा सरकारी नियम आला, पण आजोबांनी तो कधी मानला नाही. ते जुनीच वेळ लिहायचे. इथली माणसं मनातल्या मनात एक तास मिळवून वाचायची. पाहुण्यांना हे कुठून ठाऊक? गेल्या जुलैत एक जर्मन जोडपं रस्ता उघडायच्या तासभर आधीच निघालं आणि छातीएवढ्या पाण्यातून कसंबसं परतलं.

आजोबांची नात रिक्के भडकली. "आजोबा, पाहुण्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"तोंड आहे ना त्यांना? विचारावं!"

"हो, बुडता बुडता विचारतील!"

"समुद्र तुमची घड्याळं बघून येत नाही, पोरी."

ऑगस्टमध्ये आजोबा आजारी पडले आणि खडू रिक्केच्या हाती आला. तिने घड्याळातली खरी वेळ लिहिली. खाली ठळक अक्षरांत 'उन्हाळी वेळ' असंही लिहिलं. बेटावर घरोघरी जाऊन सांगून आली.

बेटावरची टपालवाली बोदिलमावशी मात्र तेव्हा शहरात बहिणीकडे गेली होती. ती परतली त्या दिवशी माझ्यावर लिहिलं होतं, 'रस्ता बंद : बारा'. बारा वाजून गेले होते. सायकल थांबवून तिने नेहमीसारखा नुसता आकडा पाहिला.

"बारा, म्हणजे एक," ती पुटपुटली. "चला, आहे अजून वेळ!"

मला ओरडता आलं असतं तर! तिची लाल सायकल मी लहान लहान होत जाताना पाहिली. मग नुसतं पाणी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रिक्के माझ्यासमोर वाळूत बसली होती. आजोबा काठी टेकत आले.

"मी बरोबरच लिहिलं होतं ना, आजोबा?"

"बरोबरच लिहिलं होतंस," आजोबा म्हणाले. "चुकीचं वाचायला तिला मी शिकवलं."

आता तिथे विजेच्या आकड्यांचा फलक आहे. मी आजोबांच्या शेडमध्ये पडून आहे. माझ्यावर त्या दिवसाचे बारा अजून तसेच आहेत. आजोबा ओलं फडकं घेऊन येतात, थोडा वेळ उभे राहतात आणि तसेच परत जातात. रिक्के तर दारापर्यंतही येत नाही.

कुणीतरी या, एकदाच ओला हात फिरवा माझ्यावरून. मला आता कुणालाच, कोणतीच वेळ सांगायची नाही.