अस्वलाच्या पोटातले सेल

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईखात्याच्या शेजारी, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होतं. ते सांभाळणाऱ्या बाईंचं नाव हजेरीपटापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं सगळे त्यांना ताईच म्हणत आले होते.

नव्या मॅनेजरबाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी खेळण्यांच्या टोपलीत नाक खुपसलं. लाकडी ठोकळे, डब्यांची झाकणं, वाट्या, कापडी चेंडू, एका कानाचा घोडा.

"हे भंगार कशाला सांभाळून ठेवलंय, ताई? मुलं यातून शिकणार काय?"

"शिकायला आयुष्य पडलंय, मॅडम. अजून दोन वर्षांचीही नाहीत ती. खेळू देत की!"

सोमवारी ताई आल्या तर टोपली गायब. भंगारवाला शनिवारीच घेऊन गेला होता. फळीवर दिवे लुकलुकणारा ढोल, गाणारी गाडी आणि पोट दाबलं की बोलणारं अस्वल मांडून ठेवलं होतं. "शाब्बास! तू किती हुशार!" अस्वल दिवसातून शंभरदा म्हणायचं.

ताई आठ दिवस धुसफुसल्या. पण मग जे झालं ते त्यांना पुढे स्वतःशी कबूल करायलाही जड गेलं. त्यांना ती शांतता आवडायला लागली. अकराही पोरं दिव्यांसमोर गप्प बसायची आणि ताईंना एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गरम चहा मिळायला लागला.

त्या पोरांत एक भोपळ्या होता. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरचा मुलगा, गोल गरगरीत, म्हणून भोपळ्या. पूर्वी तो ताईंच्या डोक्यावर वाटी ठेवून "टोपी! टोपी!" असं ओरडायचा. आता अस्वलाला बिलगून बसायचा. एकदा तो घसरून पडला, ओठ फुटला. त्याने भोकाड पसरलं, पण ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. रडत रडत त्याने अस्वलाचं पोट दाबलं. "शाब्बास! तू किती हुशार!" अस्वल म्हणालं. पोरगं रक्ताळलेल्या तोंडाने परत परत पोट दाबत राहिलं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच जिना चढून वर गेल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तक्रार लेखी द्या." ताईंनी कागद आणला, उद्या लिहू म्हणून कपाटात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

गुरुवारी दुपारी ताई खिडकीपाशी चहा पीत होत्या. पाळणाघरातली मदतीची बाई दूध आणायला गेली होती. अस्वल एकाएकी गप्प का झालं म्हणून त्यांनी मान वळवली. भोपळ्याच्या हातात पोटाचं झाकण होतं आणि तोंड हलत होतं.

कप खाली पडला. ताईंनी त्याच्या गालात बोट घालून एक चपटा, बटणाएवढा सेल बाहेर काढला. दुसरा सतरंजीवर होता. अस्वलाच्या पोटात जागा मात्र तीन सेलची होती.

ताई पोराला काखेत मारून एक्स-रेच्या खोलीकडे धावल्या. त्याची आई थिएटरच्या कपड्यांतच पळत आली. फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. तिसरा सेल मागाहून कपाटाखाली सापडला.

"हा घशात अडकला तर दोन तासांत आतून जाळतो," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला दिसलं कसं नाही, ताई?"

"चहा पीत होते."

सिस्टर पुढे आली. "आम्ही तुमच्या भरवशावर वर थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात चाकू-कात्र्या देतो!" एवढं बोलून तिने पोराला छातीशी धरलं. "चूक माझीच," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

ताई वर गेल्या तेव्हा मॅनेजरबाईंनी अहवाल आधीच लिहून ठेवला होता. 'देखरेखीतील हलगर्जीपणा.' खाली ताईंच्या सहीची जागा.

"सही करते," ताई म्हणाल्या. "पण त्याखाली हेही लिहा, की झाकणाला स्क्रू नव्हता. आणि ते अस्वल तुम्ही आणलं."

"आवाज चढवू नका."

"अजून चढवलेला नाही!" ताईंनी तिन्ही सेल टेबलावर आपटले. "माझी चूक मी खाली सगळ्यांसमोर कबूल केली. तुमची तुम्ही निदान कागदावर करा!"

दारात सिस्टर उभी होती. ताईंवरचा तिचा राग मुळीच उतरला नव्हता. पण ती मॅनेजरबाईंना म्हणाली, "लिहा. नाहीतर मी लिहीन, आणि पोलिसांत देईन." तेव्हा कुठे पेन हललं.

ताईंचा नवरा टेलर. त्या रात्री सगळं ऐकून तो म्हणाला, "तुझा राग बघून माझी शिलाई वाकडी जायला लागली." पण रविवारी त्याने मोडक्या टेबलाचे पाय कापून मुठीएवढे मोठे ठोकळे केले आणि घासून घासून गुळगुळीत केले. उरलेल्या चिंध्यांचे चेंडू शिवले.

सोमवारी ताईंनी फळीवरची सगळी खेळणी कपाटात बंद केली आणि ठोकळे, चेंडू सतरंजीवर ओतले. भोपळ्याने एक ठोकळा उचलला, उलटा केला, सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला. काहीच होईना. त्याने तो ताईंच्या गुडघ्यावर फेकून मारला आणि लोळण घेतली. बाकीची पोरंही रडायला लागली. आठवडाभर ताईंचे कान किटले. चहा थंड होत राहिला आणि त्यांनी तो तसाच ओतून टाकला.

दुसऱ्या आठवड्यात भोपळ्याने तीन ठोकळे एकावर एक ठेवले. ते कोसळले. तो ताईंकडे बघून ओरडला, "ताई, धप्प!" ताई जमिनीवर बसल्या. चौथा ठोकळा त्यांनी दिला नाही, तो त्याने स्वतः शोधला.

त्याच दिवशी वरून, मॅनेजरबाईंकडून, नव्या खेळण्याचं खोकं आलं. सोबत चिठ्ठी: 'यात सेल नाहीत. चार्ज होतं.'

ताईंनी खोकं न उघडता तीन मजले वर नेलं आणि मॅनेजरबाईंच्या फायलींवर ठेवलं.

"तुम्ही खेळा," त्या म्हणाल्या. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. खाली दुधाची वेळ झाली होती.