मिटलेले ओठ

दुसरं कडवं सुरू झालं तशी धाकटी पुढे सरकायला गेली, पण तिचा उजवा पाय जागचा हलेना. वाळूखालच्या फुटक्या काँक्रीटमध्ये बूट घोट्यापर्यंत घुसला होता आणि गंजक्या सळया त्याला सोडायला तयार नव्हत्या.

बंकर जुन्या लढाईतला. शत्रूच्या बोटींवर नेम धरायला किनाऱ्यावर बांधलेला, आणि नंतर कुणी ढुंकूनही न पाहिलेला. आत एकटी धाकटी. समोर बंदुकीसाठी ठेवलेली, बाहेरून फक्त चेहरा आणि हात दिसतील एवढी आडवी फट, आणि फटीपलीकडे जवळच्याच खडकावर कॅमेरा, दिग्दर्शक आणि भल्यामोठ्या स्पीकरवर गाणं वाजवणारी तिची थोरली बहीण. गाणं धाकटीचंच, आधी रेकॉर्ड केलेलं. इथे नुसते ओठ हलवायचे होते. भरतीच्या आत आटपू म्हणता म्हणता उशीर झाला होता.

पहिली लाट दारातून आत शिरली ती गुडघ्याला लागली. दुसरीने मांड्या भिजवल्या.

"ताई, पाय अडकलाय!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

स्पीकरवर तिचाच आवाज त्याहून मोठ्याने गात होता. तिने हात वर केले, फटीच्या कडेवर आपटले. दिग्दर्शकाने खूश होऊन अंगठा दाखवला. चेहऱ्यावर भीती आण म्हणून बिचारा सकाळपासून घसा फोडत होता, आता त्याला मागेल तेवढी मिळत होती. ती आणखी ओरडली. ताईनेही कौतुकाने मान डोलावली.

पाणी कमरेला आलं. आपण अशाच मरणार, आणि हे लोक बघत उभे राहणार, हे तिला लख्ख कळलं.

मग तिला सकाळचं आठवलं. ओळ विसरून ती दोनदा गप्प झाली होती, आणि दोन्ही वेळा ताईने लगेच गाणं बंद केलं होतं. ओठ मागेपुढे झालेले चालतील, पण तोंड मिटलं की पुन्हा पहिल्यापासून, असंच ठरलं होतं.

तिने हात खाली घेतले. तोंड मिटलं. छातीवर लाट आदळली, सगळं अंग ओरड ओरड म्हणत होतं, तरी तिने दात घट्ट आवळून धरले. बाहेर तिचं गाणं निवांत चाललं होतं. एक ओळ गेली. दुसरी सुरू झाली आणि मध्येच तुटली.

"आता काय विसरलीस?" दिग्दर्शक वैतागून म्हणाला.

धाकटीचा घसा पार बसला होता.

"ताई," ती जेमतेम म्हणाली, "पाय."

पुन्हा पहिल्यापासून घेऊ, असं दिग्दर्शक कॅमेरावाल्याला सांगत होता. ताई तोवर चपलांसकट पाण्यात उतरली होती.