आधीचा जबडा

मित्रांनो, कपाट उघडताच दात दिसले म्हणून दचकू नका. मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे, दात आणि जबडे सरळ करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला. वरचा आणि खालचा असे माझे दोन तुकडे आहेत. ते एकमेकांवर नीट बसवले की मी पुरा होतो. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता धूळ खाऊन पिवळा पडलो आहे. जबडा असून मी खाल्ले काय, तर धूळ! असो.

माझी सुरुवात एका तरुण मुलीच्या तोंडात झाली. डॉक्टरीणबाईंनी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तिच्या दातांवर दाबून धरला. तिला मळमळले, डोळ्यांत पाणी आले, पण ती जागची हलली नाही. लगदा घट्ट झाल्यावर त्यात दातांचे खळगे उमटले. त्या खळग्यांत प्लास्टर ओतले आणि मी जन्मलो. लॅबमधल्या काकांनी माझ्या कडा घासल्या आणि मला उजेडात धरून पाहिले.

"दात सुरेख आहेत पोरीचे," ते म्हणाले, "घर तेवढं चुकलंय."

काका म्हणाले ते खरेच होते. तिचा खालचा जबडा इतका पुढे होता की समोरचे दात एकमेकांना भेटतच नसत. ती कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. तिथल्या बाकीच्या मुली दोरा दाताने टचकन तोडत, हिला मात्र दरवेळी कात्री शोधावी लागे. कात्रीचे तिला काही वाटत नसे. वाटे ते डब्याचे. घास तोडायला वाकडे तोंड करावे लागे, म्हणून ती मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून एकटी जेवत असे.

"मला सुंदर नाही व्हायचं, डॉक्टर," ती म्हणाली होती. "मला चारचौघांत बसून खायचंय."

तिचे वडील शेजारीच बसले होते. सायकली दुरुस्त करणारा माणूस, नखांत वंगण मुरलेले. ते म्हणाले, "ऑपरेशन करून हाड मागे घ्यायलाच हवं का? हिच्या आईची हनुवटी अशीच होती. तिचं काही अडलं नाही."

मुलगी लहान असतानाच आई गेली होती. मुलीने मान खाली घालून विचारले, "आई कधी कुणासमोर जेवल्याचं आठवतंय तुम्हाला, बाबा?"

वडील नखांतले वंगण खरवडू लागले. मग म्हणाले, "करा डॉक्टर, काय करायचं ते."

ऑपरेशनच्या आधी दात सरळ करायला तिला तारा लागल्या. दर भेटीला डॉक्टरीणबाई मला कपाटातून काढून तिच्या तळहातावर ठेवत आणि कोणता दात किती सरकला ते दाखवत. ती माझ्या दाढांवरून अंगठा फिरवी. मित्रांनो, प्लास्टर थंडगार असते. पण तिच्या हातात मी ऊबदार होई, आणि पुन्हा कपाटात गेल्यावर ती ऊब हळूहळू उतरताना मला फार वाईट वाटे.

आणि मग ती यायचीच बंद झाली.

कारण असे की, तारा लावल्यावर चेहरा सुधारेल असे तिला वाटले होते, आणि झाले उलटेच. हनुवटी आणखी पुढे दिसू लागली. दुकानात कुजबुज सुरू झाली. घरी वडील म्हणाले, "होतं तेच बरं होतं." तिने हाय खाल्ली. कित्येक महिने मी कपाटात तिची वाट पाहत बसलो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोन करून बापलेकीला बोलावून घेतले आणि मला त्यांच्यापुढे ठेवले.

"हे बघा. खालचे दात आत कललेत, वरचे बाहेर. हाडाची चूक हे दात इतकी वर्षं सांभाळून घेत होते. आपण त्यांना सरळ उभं केलं, म्हणून ती उघडी पडली. ती पूर्ण दिसल्याशिवाय हाड किती मागे घ्यायचं ते आम्हाला कळणार कसं? आधी जरा बिघडतंच. मी हे तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं."

मुलीने मला उचलले आणि माझ्या दातांकडे पाहत राहिली. "बिचारे," ती म्हणाली. तेव्हापासून तिने एकही भेट चुकवली नाही.

ऑपरेशनच्या आधी काकांनी तिच्या सरळ झालेल्या दातांचा नवा साचा केला, करवतीने कापला, मागे सरकवला आणि मेणाने चिकटवला. चूक व्हायची तर प्लास्टरवर होऊ दे, असे ते पुटपुटत होते. मग तिच्या हाडावर तेच झाले. तोंड रबरांनी बांधलेले, गाल सुजलेले, ओठ बधिर. वडिलांनी तिला पेज पाजली, सूप पाजले, रात्रीचा दिवस केला. पण त्यांची नजर पेल्यावर असे. तिच्या चेहऱ्याकडे ते पाहत नसत.

तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तिच्या आताच्या दातांचा नवा साचा आणि मी, असे दोघांना शेजारी ठेवले. नव्याचे दात कसे झकास जुळलेले! वडिलांनी हात पुढे केला आणि उचलले ते मला.

मुलीने ते पाहिले. "दुकानात सगळ्यांच्यात बसून जेवते मी आता. सगळे बघतात माझ्याकडे. तुम्हीच बघत नाही. इतकी वाईट दिसते का मी?"

"नाही गं, छान दिसतेस." ते माझ्याकडेच बघत म्हणाले. "तू हसलीस की तुझी आई दिसायची मला. आता बघितलं आणि ती दिसली नाही, तर? म्हणून धीर होत नाही." मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "हा आम्हाला नेता येईल का?"

माझा आनंद काय सांगू! आता मुलीच्या घरी जायचे, रोज ती दिसणार.

"न्या की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"न्या, बाबा," मुलगी म्हणाली. "पण मी इथं समोर बसलेय."

वडिलांनी मला टेबलावर ठेवले आणि मान वर केली. ते पाहतच राहिले, इतके की ती लाजली आणि तिला हसू फुटले.

"अगं, डोळे," ते म्हणाले. "हसताना तुझे डोळे तिच्यासारखे मिटतात. मी नुसता हनुवटीच बघत बसलो होतो."

दोघे बोलत बोलत बाहेर पडले. मला न्यायचे त्यांच्या लक्षातही राहिले नाही.

मित्रांनो, मी रुसलो नाही. पण माझ्यासारखा जबडा हाती आला तर दोन्ही हातांनी धरा, पुढचे दात लवकर तुटतात. आणि आजाराने म्हणा, औषधाने म्हणा, तुमच्या जवळच्या कुणाचा चेहरा बदलला, तर नजर चोरू नका. जुने शोधायला का होईना, पण पाहा. तो माणूस तुमच्या पाहण्याची वाट पाहत असतो.

हल्ली दवाखान्यात जबडे पडद्यावरच दिसतात, प्लास्टर कुणी ओतत नाही. मुलीलाही माझी गरज उरलेली नाही, आणि ते चांगलेच आहे. तिचे जे दुखणे होते, त्याचाच तर मी बनलो आहे. ती मला विसरली म्हणजे ती बरी झाली. हे सगळे मला कळते. तरी दवाखान्याचे दार वाजले की वाटते, तीच आली.