बस हवी, थांबा नको

जाहीरनामा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं ते लोकांच्या अडचणी दूर करायला. पण त्याची सुरुवात घरच्यांची अडचण करण्यापासून होते, हे डॉक्टरीणबाईंच्या घरात एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना. निम्म्या वसाहतीने त्यांच्यापुढे आ वासलेला, तेव्हा मतं मिळायला हरकत नाही, असा त्यांच्या दिराचा होरा. दीर हाच प्रचारप्रमुख. एरवी तो विमा विकत असे, त्यामुळे अजून न घडलेल्या गोष्टींबद्दल पोटतिडकीने बोलायचा त्याला सराव होता.

"वहिनी, पहिला मुद्दा झकास जमलाय," तो म्हणाला. "‘सक्षम, सुलभ आणि सर्वसमावेशक वाहतूक’!"

"म्हणजे काय हो, भाऊजी?"

"म्हणजे काहीच नाही. म्हणून तर कुणी हरकत घेणार नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "बस येणार का, तेवढं सांग रे."

वसाहत शहराच्या टोकाला. टुमदार घरं, प्रत्येक घराला फाटक, फाटकाच्या आत मोटार. बस जायची ती पार मोठ्या रस्त्यावरून, आणि मोठा रस्ता म्हाताऱ्या गुडघ्यांना परदेशाइतका लांब. सासूबाई जन्मभर स्वतःच्या स्कूटरवर हिंडलेल्या. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आणि वाचनालय, मैत्रीण, औषधाचं दुकान, सगळंच दुसऱ्याच्या सवडीवर गेलं. "मला जरा सोडतोस का?" हे वाक्य इतक्यांदा म्हणावं लागलं की शेवटी त्यांनी ते म्हणणंच सोडलं. आता सासूबाई भर शहरात लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. लेकीचं घर दोन खोल्यांचं. पण जिना उतरलं की बस.

"निवडणूक होईपर्यंत थांबते," त्यांनी सुनेला सांगितलं होतं. "उमेदवाराची सासू घर सोडून गेली म्हणून तुझी मतं जायला नकोत. नंतर जाईन, गुपचूप."

या सासूसुनेचं इतकं जमायचं की नातेवाइकांना संशय यायचा. त्यामुळे सून त्या दिवशी बराच वेळ दवाखान्याचं दार लावून बसली होती. आज तिने पेन उचललं, दिराचे तिन्ही ‘स’ खोडले आणि लिहिलं : वसाहतीच्या आत बस आणणार.

"थांब्याची जागा लिहिली नाहीत ना?" दिराने घाबरून विचारलं.

"नाही."

"मग चालेल."

दारोदार प्रचार सुरू झाला. बस म्हणताच लोक खूश! रहिवासी संघाच्या अध्यक्षांनी तर डॉक्टरीणबाईंचा हातच हातात घेतला. "बस हवीच! कित्येक वर्षांचा लढा आहे हो आमचा."

"मग थांबा तुमच्या घरासमोर करूया का, काका? रस्ता रुंद आहे."

अध्यक्षांनी हात सोडला. "इथे? छे छे! बाहेरची माणसं येऊन उभी राहतील."

"बसमध्ये बसायला माणसं लागतातच ना?"

"बसू देत की. पण उभी कशाला राहायला हवीत?"

पुढचं घर जुळ्या मुलांच्या आईचं. मुलांना पोहायला, चित्रकलेला, डॉक्टरकडे नेता नेता ती निम्मी झाली होती. तिला बस कालच हवी होती. थांब्याचं नाव काढलं मात्र, तिने दार अर्धं लोटून घेतलं. "मुलं दुपारी झोपतात हो. समोरच्या सरांना विचारा, ते एकटेच असतात."

समोरचे सर गाणं शिकवायचे. बस फार उपयोगाची, शिष्य वाढतील, म्हणाले. "पण हॉर्न बेसूर असतो. टाकीजवळ करा ना थांबा, तिथे कुणी राहत नाही."

पाण्याची टाकी मोठ्या रस्त्याच्याही पलीकडे होती. पुढच्या प्रत्येक घराने तिचंच नाव सुचवलं. ज्या जागी कुणीच राहत नाही तिथे बस थांबवावी, यावर अख्ख्या वसाहतीचं एकमत झालं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या त्या तणतणतच. पर्स सोफ्यावर आपटली. "शिकलेली माणसं ही! यांना बस हवी, पण ती दिसायला नको, ऐकू यायला नको, थांबायला नको! अशानं काय होणार आहे या वसाहतीचं?"

"खरंय," सासूबाई म्हणाल्या. "मग आपल्या फाटकासमोर कर."

"आपल्या? अहो आई, पेशंटच्या गाड्या कुठे लागतील? लोक पायरीवर बसतील, कागद टाकतील, आणि..."

जेवत बसलेल्या नवऱ्याने ताटात इतकं खोल पाहिलं, जणू भाजीत काही हरवलं होतं.

"बोल की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "अध्यक्षही हेच म्हणाले ना? त्यांचं फाटक हिरवं आहे, आपलं निळं, एवढाच काय तो फरक."

"आई, तसं नाही हो..."

"तसंच आहे. बस काही हवेतून जात नाही. कुणाच्या तरी दारात उभी राहणारच. रस्ता, दिवा, शाळा, कचऱ्याची गाडी, आपल्याला सगळं हवं असतं. फक्त ते शेजारच्याने आपल्या दारात ठेवून घ्यावं. मी रागावले नाही गं. लेकीकडे जायची तयारी आहे माझी. पण मला बसची आशा दाखवून टाकीजवळ उभी करू नकोस. आणायची नसेल तर लिहूच नकोस. आणि लिहायचीच असेल, तर जागा लिही!"

त्या रात्री जाहीरनाम्यात काहीच नवं लिहिलं गेलं नाही. नवरा-बायको फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले, इतकंच.

प्रचाराची शेवटची सभा शाळेच्या सभागृहात होती. दिराने बजावलं होतं, "वहिनी, दिवे, गटारं, बाग, यांवर बोला. बसवरून वेगाने पुढे जा."

वहिनींनी माइक हातात घेतला. "माझा पहिला मुद्दा बस, आणि पहिला थांबा माझ्या फाटकासमोर!"

दिराने डोळे मिटून घेतले.

"वा! म्हणजे दवाखान्याला आयतं गिऱ्हाईक!" अध्यक्ष ओरडले. हशा पिकला.

"काका, दात ठणकल्याशिवाय माझ्याकडे कुणी येत नाही. बसने येवो नाहीतर विमानाने!" हशा दुसऱ्या बाजूने पिकला. "पण एका थांब्याने भागायचं नाही. पुढचा थांबा कुणाच्या दारात करायचा?"

सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. समोरच्या रांगेत सासूबाई कुणाकडेही न बघता ताठ बसल्या होत्या. शेवटी मागून जुळ्यांची आई उठली.

"आमच्याकडे करा," ती म्हणाली. "जरा पुढे, झाडाखाली. मुलं तशीही झोपत नाहीत."

डॉक्टरीणबाई निवडणूक हरल्या. चांगल्याच हरल्या! निवडून आले ते ‘सर्वांगीण विकास’वाले. पण खुर्चीवर बसल्यावर त्यांना दिसलं, की या वॉर्डात दोन जागा अशा आहेत जिथे बसथांब्याला कुणाचीच हरकत नाही. पालिकेत असं कधी घडत नसल्यामुळे त्यांनी संधी साधली. निळ्या फाटकासमोर स्वतःचा हसरा फोटो लावून बसचं उद्घाटन केलं.

"वहिनी, श्रेय चोरलं हो त्याने!" दीर कळवळला.

"चोरू दे, भाऊजी. बस तर नाही ना चोरली?"

पायरीवर लोक बसतात. कागद टाकतात. पेशंट गाडीला जागा नाही म्हणून कुरकुरतात, अध्यक्ष रोज त्याच बसने जातात आणि ती उशिरा येते म्हणून डॉक्टरीणबाईंनाच सुनावतात. त्या वैतागतात, कागद उचलतात आणि आत जातात. सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी लेकीकडे गेल्या, आणि कुणालाही "न्यायला ये" न म्हणता संध्याकाळी घरी परतल्या.

तेव्हा मंडळी, पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की "काय काय आणणार?" हे जरूर विचारा. पण त्याआधी फाटकापाशी उभं राहून स्वतःला विचारा, की त्यातलं मी माझ्या दारात काय ठेवून घेणार? उत्तर "काही नाही" असेल, तर पोकळ जाहीरनाम्यासाठी उमेदवाराला बोल लावू नका. तो आपणच त्याच्याकडून लिहून घेतलेला असतो!